डी-डेसाठी ५, ६, ७ जूनच का?

अवंती:
डी-डेवरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या त्यावरचा, एक माहितीपट बघितला. त्यात म्हणे जून १९४४ च्या पहिल्या पंधरवड्यात ५, ६ आणि ७ हे तीनच दिवस चढाईला चालण्यासारखे होते, भरती-ओहोटीमुळे. पण ओहोटी तर रोज दोनदा येते ना? आणि तो हिशोब ज्याने केला, त्याच्याकडून बातमी फुटली कशी नाही?

रापणवाला:
येते रोज दोनदा, पण रोज त्याच वेळेला नाही, गोम तिथेच आहे. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा.

जर्मन सेनापती रोमेलने किनाऱ्यावर खांब आणि लोखंडी सापळे रोवले होते, कित्येकांवर सुरुंग. भरतीत ते पाण्याखाली, होडी आदळली की संपलं. म्हणून ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की होड्या लावायच्या. सापळे उघडे दिसतात, आणि माणसं उतरवून होडी परत तरंगते. (उतरत्या पाण्यात होडी लावायचा शहाणपणा मी एकदा केलाय. पाच तास चिखलात बसून डास मारले. आजोबा काठावरून बघत होते, एक अक्षर बोलले नाहीत.)

शिवाय आरमाराला नेम धरायला पहाटेचा उजेड हवा, छत्रीधारी सैनिकांना रात्री चांदणं हवं. हे सगळं जुळतं पौर्णिमेच्या आसपास. ६ जूनला पौर्णिमा होती. खरा बेत ५ चा, हवा बिघडली म्हणून एक दिवस पुढे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तिकडे पाऊणपट चालत नाही. समुद्र उथळ, उधाणाला पाणी सहा मीटरच्या वर चढतं, चढ-उतारही एकसारखा नाही. ते गणित लिव्हरपूलजवळ बिडस्टनला भरती-ओहोटीचा जाणकार आर्थर डूडसन याच्याकडे गेलं. त्याच्याकडे भरतीचा हिशोब करणारी चाकं-कप्प्यांची दोन यंत्रं होती, एकाच बॉम्बमध्ये दोन्ही जाऊ नयेत म्हणून वेगवेगळ्या इमारतींत ठेवलेली. ऑक्टोबर १९४३ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या फार्कर्सनने त्याला नुसते आकडे पाठवले, जागेचं नाव ‘पोझिशन झेड’. कुठला किनारा ते कागदावर नव्हतंच, मग फुटणार काय?

जुना_नकाशा:
भर घालतो. असलंच एक यंत्र एडवर्ड रॉबर्ट्सच्या देखरेखीखाली १८७९ मध्ये इंडिया ऑफिससाठी (हिंदुस्थानचा कारभार बघणारं लंडनमधलं खातं) तयार झालं होतं, हिंदुस्थानातल्या बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं काढायला.

अवंती:
वा! पण अमेरिकन आणि ब्रिटिश, दोघांना एकच वेळ सोयीची होती?

रापणवाला:
छे. इंग्लिश चॅनलमध्ये भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, त्यात ब्रिटिशांच्या किनाऱ्यांपुढे खडक. त्यामुळे अमेरिकन युटा आणि ओमाहावर साडेसहाला, ब्रिटिश गोल्ड आणि स्वोर्डवर सात पंचवीसला (ही सगळी किनाऱ्यांची सांकेतिक नावं). एकाच फौजेचे वेगवेगळे मुहूर्त. पहिल्या होड्या लागल्या की शत्रू जागा होणार, आणि पूर्वेकडचे अजून तासभर पाण्यावरच. ते मान्य करून घेताना टेबलावर काय वाजलं असेल ते आपण समजू शकतो.

अवंती:
आणि हेही तीन दिवस हुकले असते तर?

रापणवाला:
पुढचं जुळतं पाणी १९ जूनच्या आगेमागे. २० ला अमावस्या, म्हणजे चांदणं गेलं. आणि १९ ला चॅनलमध्ये असं वादळ उठलं, की ओमाहासमोर अमेरिकनांनी तयार भाग आणून उभं केलेलं बंदर मोडून पडलं.