एएफ निघालंय, सोमवारपासून ऑफिस सुरू, लोकलचं कसं जमवू?

गवतीचहा:
नमस्कार मंडळी. दिवाळीत फराळाच्या गडबडीत छातीत धडधड सुरू झाली, सगळ्यांना ॲसिडिटीच वाटली, पण ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं आणि टूडी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) हृदयातला मायट्रल व्हॉल्व्हपण अरुंद आहे, लहानपणी सांधे सुजून ताप आलेला त्याचं हे. आता असिट्रॉम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आणि मेटोप्रोलॉल (नाडी आवरणारी) चालू आहे. डॉक्टर म्हणतात कामावर जा. पण बदलापूर ते दादर, ती गर्दी, तो जिना, नुसता विचार केला तरी पोटात गोळा येतो. ऑफिसात सांगू का? आणि या रक्ताच्या गोळीवर पालेभाजी चालत नाही म्हणून सासूबाईंनी पालक-मेथी घरात आणणंच बंद केलंय, ते बरोबर आहे का? मैत्रिणीच्या वडिलांना तर अशी गोळी आहे की रक्त तपासावंच लागत नाही, मला का नाही देत ती?

डोंबिवलीकर:
ताई, मला पेसमेकर आहे, म्हणजे दुखणं वेगळं पण लोकल तीच. बसवल्यावर महिना-दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, आता गाडीत वरची कडी न धरता उभं कसं राहणार सांगा? म्हणून साहेबांशी बोलून वेळ पुढे ढकलून घेतली, उशिराची गाडी धरायला लागलो. तुम्ही तर बदलापूरहूनच सुटणारी गाडी धरा, बसायला मिळेल. धावत गाडी पकडायची नाही, गेली तर गेली. ऑफिसात सगळ्यांना नको, पण शेजारच्या टेबलवरच्या एकीला नक्की सांगा, गोळ्यांची चिठ्ठी कुठल्या कप्प्यात आहे तेसुद्धा.

लॅबवाली:
मी रोज आयएनआरची (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) सॅम्पल्स घेते. तुमच्यासारख्यांचा साधारण 2 ते 3 मध्ये ठेवतात, तुमचा आकडा डॉक्टरांना विचारा. भाजी बंद करायची गरज नसते, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची, महिनाभर काही नाही आणि मग संक्रांतीला पातेलंभर पालेभाजी असं केलं की आयएनआर खाली येतो, म्हणजे गोळीचा असर कमी पडतो. ती बिनतपासणीची गोळी व्हॉल्व्ह बराच अरुंद असेल तर देत नाहीत, तिथे असिट्रॉम किंवा वॉरफरिनच. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम आणून घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही. आणि गर्दीत धक्का लागून डोकं आपटलं तर जखम दिसो न दिसो सरळ हॉस्पिटल गाठा, रक्त पातळ असताना आतल्या आत रक्तस्राव होतो. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूचा हात लुळा पडला तर लगेच 108, घरच्यांनापण हे पाठ करून ठेवायला सांगा.

निळीशाई:
जिन्याचं कारण सांगते, माझ्या आईला हाच त्रास. नाडी जोरात पळाली की अरुंद व्हॉल्व्हमधून रक्त उतरायला वेळच मिळत नाही, म्हणून धाप लागते. ती अर्ध्या जिन्यावर कठड्याला टेकून उभी राहते, लोक मागून ओरडतात, ओरडू देत. लिफ्ट असेल तर लिफ्टच. मेटोप्रोलॉलने सुरुवातीला थकवा येतो, पण मनाने बंद करू नका, एकदम सोडली की धडधड उसळते.

गवतीचहा:
खूप आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं. उद्या वेळ बदलायचा अर्ज देते. त्यात आजाराचं नाव लिहावंच लागतं का?

डोंबिवलीकर:
मी नव्हतं लिहिलं. "वैद्यकीय कारणास्तव" लिहून डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जोडलं, चाललं. त्यातच "गर्दीच्या वेळचा प्रवास टाळावा" असं लिहून मागा.