‘हे खोटं आहे’ म्हटल्यावर बाबांच्या लक्षात नेमकं काय राहतं?

पेठेतली लेक
बाबा ७४ वर्षांचे. मार्चमध्ये त्यांच्या फोनवर मेसेज आला: रात्रभर भेंडी भिजवून ते पाणी प्या, मधुमेहाची गोळी सुटेल. त्याच दिवशी मी सांगितलं, हे खोटं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. मग आत्याने तोच मेसेज लाल फुली मारून घरच्या ग्रूपवर टाकला. पंधरा दिवसांनी बघते तर ओट्यावर पेल्यात चार भेंड्या उभ्या चिरून भिजत घातलेल्या, आणि पाकिटात तीन गोळ्या जास्त. बाबा म्हणाले, "अगं, सगळीकडे तेच चाललंय. तूसुद्धा बोलत होतीस ना त्याबद्दल?"

पोटात धस्स झालं. म्हणजे भेंडी लक्षात राहिली, ‘खोटं’ तेवढं गळून गेलं. २००५ मध्ये स्कर्निक, यून, पार्क आणि श्वार्झ या संशोधकांनी हेच तपासलं होतं. एखादं विधान खोटं आहे असं वयस्कर माणसांना एकदा सांगण्याऐवजी तीनदा सांगितलं, तर तीन दिवसांनी ते खरं वाटण्याचं प्रमाण उलट वाढलं. माझं मत स्पष्ट आहे: फुली मारूनसुद्धा खोटा मेसेज फिरवू नका. खरं काय, तेवढंच सांगा.

मुठाकाठचा, वय ७२
ताई, तुमची काळजी पटली, पण दोष वयावर टाकलात ते पटलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आईने मला कडेवर आणि धाकट्याला पाठुंगळी घेऊन पर्वती गाठली, तिच्या लुगड्याचा ओला काठ आजही हाताला लागतो. असल्या स्मरणशक्तीला कमजोर म्हणायचं?

आकाशवाणी पुण्यावर सुधा नरवणे बातम्या द्यायच्या. आधी कोण बोलतंय ते सांगायचं, मग ठळक बातम्या, सविस्तर बातम्या, आणि शेवटी ठळक बातम्या पुन्हा. सगळं सावकाश. आज टीव्हीवर निवेदक ओरडतोय, खाली पट्टी पळतेय, कोपऱ्यात जाहिरात. आमची समज मंदावली नाही, वाचायला वेळच देत नाहीत.

कोथरूडकर
काका, पानशेत आणि परवाचा मेसेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहानपणचे, तरुणपणचे मोठे प्रसंग म्हातारपणीही ठळक राहतात. ऐकलेली माहिती कुठे ऐकली, ही आठवण मात्र वयानुसार विरळ होत जाते. पळत्या पट्टीबद्दल तुमचं बरोबर, पण वयानुसार मेंदूचा वेग थोडा कमी होतो हेही खरंच आहे. पण ताईंचा उपाय भाबडा वाटतो. खोटं खोडायचंच नाही, तर ते पसरत राहणार. त्यापेक्षा फोनमधले ग्रूप बंद करा. २०१९ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ६५ वर्षांवरच्यांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट खोट्या बातम्या फेसबुकवर पुढे पाठवल्याचं दिसलं.

पेठेतली लेक
त्याच अभ्यासात बहुतेकांनी एकही पाठवली नव्हती, हेही सांगा ना. आणि पाठवणं म्हणजे विसरणं नव्हे. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, त्याचे ग्रूप मी बंद करायचे? त्यांच्या भिशीतल्या मित्रांची ख्यालीखुशाली त्यावरच तर कळते.

काकांचं रेडिओबद्दलचं म्हणणं मात्र मला लागलं. तिथे कोण सांगतंय हे आवाजातच होतं, वेळही ठरलेली. फोनवर डॉक्टर, मावसभाऊ आणि कुणी अनोळखी, सगळे एकाच चौकटीत.

सुनेचं मत
वारंवार ऐकलेलं खरं वाटतं, हे तरुणांनाही होतं, १९७७ पासून माहीत आहे. माझ्या सासूबाईंना मात्र लोणच्यात व्हिनेगर घाला असं शंभर मेसेज सांगोत, त्या ढळत नाहीत. पक्कं ठाऊक असलेल्या विषयात म्हातारी माणसं सहजी फसत नाहीत.

मुठाकाठचा, वय ७२
मग ताई, गोळीबद्दल खरं काय ते भिंतीवरच्या कॅलेंडरावर बाबांच्याच हाताने लिहून घ्या. लेकीने चिकटवलेला कागद मला तरी आवडला नसता.

पेठेतली लेक
लिहून घेतलं. ‘गोळी रोज नाश्त्यानंतर. बदल फक्त डॉक्टर सांगतील.’ भेंडीचं नावसुद्धा नाही. शनिवारी तोच मेसेज परत आला. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे लिहिलंय कुणी?"