‘घरगुती कारणास्तव’ म्हणजे नक्की कुणाचं घर?

आस्थापना_टेबल:
कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात एकवीस वर्षं आस्थापना शाखेत काढली. नाव कशाला, आता निवृत्त आहे. राजीनाम्याचा प्रत्येक अर्ज माझ्या टेबलावरून गेला. मजकूर सगळ्यांचा एकच, "घरगुती कारणास्तव". पण पुरुषाच्या अर्जाला बहुतेक वेळा दुसऱ्या सरकारी पदाचा नेमणूक आदेश टाचलेला असायचा. बाईच्या अर्जाला नुसती टाचणी.

हा फरक साधा नाही. निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो की राजीनामा दिला की मागची सेवा बुडाली. परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी पदावर गेलात तर मात्र ती टिकते. म्हणजे शब्द एकच, पण पुरुष पुढच्या टेबलावर जातो आणि बाई घरी.

२०१२ साली एक बाई आल्या. सेवा चौदा वर्षं. म्हटलं, बाई, अजून सहा वर्षं कळ काढा, वीस भरली की स्वेच्छानिवृत्ती मिळेल, पेन्शन राहील. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, बदली गगनबावड्याला झालीय. सहा वर्षांत पोरगी बारावी होऊन जाईल." सही करताना पेन चालेना, माझाच दिला.

माझं मत विचाराल तर बायका नोकरी सोडत नाहीत, बदली त्यांना सोडायला लावते.

रंकाळा_चौपाटी:
काका, आदर आहे, पण हे एकतर्फी झालं. बदली काय फक्त बायकांचीच होते? मी चंदगडला चार वर्षं काढली. खोलीवर एकटा, शनिवारी रात्री कोल्हापूर, सोमवारी पहाटे परत. बायकांना पती-पत्नी एकत्रीकरण आहे, म्हणजे नवऱ्याच्या गावाजवळ बदली, १८० दिवस प्रसूती रजा आहे, वर १८० दिवस बालसंगोपन रजा. आम्हाला ती रजा कधी? बायको वारली किंवा अंथरुणाला खिळली तरच. मग सवलत कुणाला, आणि रडतंय कोण?

शाहूपुरीची_सून:
भावा, तू माझंच काम केलंस की! पुरुषाला ती रजा बायको मेल्यावर नाहीतर अंथरुणाला खिळल्यावरच मिळते, म्हणजे बायको जिवंत आणि धडधाकट असेपर्यंत पोराचं सगळं तिनं बघायचं, हे शासनानंच लिहून ठेवलंय. ही सवलत नव्हे, कामाची वाटणी आहे.

आणि १८० दिवस ऐकायला लई वाटतात. ते पूर्ण सेवेत मिळून, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. भागून बघ, वर्षाला दहा दिवस. केंद्राच्या बायकांना ७३० आहेत. त्यातही अर्ज टाकला की साहेब म्हणणार, "मॅडम, मार्च एंड आहे." जून असला तरी मार्च एंड असतो त्यांच्याकडे.

चंदगडला तू एकटा राहिलास, खरंय. तेव्हा पोरांना शाळेत कोण सोडत होतं?

रंकाळा_चौपाटी:
बायको. ती नोकरी करत नाही.

शाहूपुरीची_सून:
करत नाही की सोडली?

माजी_तलाठी:
दोघंही थांबा जरा. काकांनी मोजले ते आदेश टाचलेले अर्ज. माझ्या अर्जाला काही टाचलेलं नव्हतं आणि मी पुरुष आहे.

सजा, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतली गावं, माझ्याकडे एक, अतिरिक्त कार्यभार दोन गावांचा. २०२१ च्या पुराचे पंचनामे करताना चिखलात उभा राहून शिव्या खाल्ल्या. ज्यांचं घर बुडालं त्यांच्या खाल्ल्या त्याचं काही नाही. पण ज्यांचं बुडालंच नव्हतं, ते यादीत नाव घाल म्हणून रात्री फोन करायचे आणि वरून त्याला दुजोरा यायचा. सही माझी, चौकशी लागली तर तीही माझीच. पुढच्या वर्षी सोडली. कारण लिहिलं, घरगुती. खरं लिहिलं असतं तर राजीनाम्याआधी कारणे दाखवा नोटीस आली असती.

बाईनं सोडली की लोक म्हणतात, बरं झालं, आता पोरांकडे लक्ष देईल. पुरुषानं सोडली की विचारतात, कशात अडकला होता? माझ्या मामानं स्थळांना पाठवायच्या बायोडाट्यातलं ‘तलाठी’ अजून खोडलेलं नाही.

आणि काका, तुमचं नियम ४६ आमच्या पिढीला लागू नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले आम्ही एनपीएसवाले, म्हणजे पगारातून वर्गणी कापून चालणाऱ्या नव्या पेन्शन योजनेतले. जुन्या पेन्शनची दोरीच नाही, मग बांधून कोण राहील? २०२३ च्या मार्चमध्ये संप झाला तो उगाच नव्हे.

आस्थापना_टेबल:
तलाठी भाऊ, मान्य. अशी प्रकरणं माझ्याही टेबलावर आली असणार, मला ती घरगुतीच दिसली. पण तुम्ही सोडली तेव्हा पुढं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवलंत ना? त्या बाईंचं घरात ठरून आलं होतं. अर्जावरचं अक्षरसुद्धा त्यांचं नव्हतं, नवऱ्याचं होतं. हस्ताक्षर मी सेवापुस्तकावरून ओळखतो.

कसबा_बावडा_९:
सगळं बदलीवर आणि पोरांवर ढकलू नका. आमच्या मजल्यावर अंतर्गत तक्रार समितीचा बोर्ड आहे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा. पाच नावं, त्यातल्या तिघांची कधीच बदली झालीय. एकीनं तोंडी सांगून बघितलं, तर तिचंच टेबल हलवलं. तिनंही "घरगुती" लिहिलं.

रंकाळा_चौपाटी:
हे असेल तर वाईटच. पण मुळात लोक सोडतात किती? तलाठ्याच्या साडेचार हजार जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते. बाहेर रांग लागलीय हो.

माजी_तलाठी:
रांगेत मीही होतो, मर्दा.

निळी_साडी:
काका, वाद चालू दे, माझं एक सांगा. जून २००५ ला हजर झाले. मध्ये सासूबाईंच्या आजारपणात आठ महिने बिनपगारी काढले. साहेब म्हणतात, वीस वर्षं झाली, द्या अर्ज आणि व्हा मोकळ्या. अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये आहे.

आस्थापना_टेबल:
ताई, देऊ नका! स्वतःच्या आजारपणाचा दाखला नसलेली बिनपगारी रजा सेवेत धरत नाहीत. तुमची वीस वर्षं फेब्रुवारी २०२६ ला भरतात. आधी आस्थापनेतून अर्हताकारी सेवेचा, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेचा, हिशेब लेखी घ्या. मग तीन महिन्यांची नोटीस द्या, तारीख फेब्रुवारीनंतरची टाका. आणि अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द कुठंच येऊ देऊ नका, ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहा.

निळी_साडी:
मी ‘राजीनामा’च लिहिलं होतं. फाडते.