मदत हवी आहे: हायबरनेटमध्ये न बदलणाऱ्या मास्टर टेबलांचे संदर्भ कसे सांभाळावेत?

नमस्कार मंडळी,

स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आणि हायबरनेट (जावाची ऑब्जेक्ट्स डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी) यांवरच्या एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये देश, चलन, ऑर्डरची स्थिती अशी मास्टर टेबलं, म्हणजे ठरावीक संदर्भ-याद्यांची टेबलं आहेत. देशांचं टेबल आयएसओ ३१६६ या देश-कोडांच्या मानकाप्रमाणे, म्हणजे २४९ ओळींचं. अ‍ॅप्लिकेशन ही टेबलं फक्त वाचतं. बदल झालाच तर मायग्रेशन स्क्रिप्टमधून होतो.

ऑर्डर एंटिटीतून (टेबलाशी जोडलेल्या क्लासमधून) या टेबलांकडे मेनी-टू-वन नाती आहेत, म्हणजे अनेक ऑर्डरींचा एकच देश असू शकतो. जेपीएमध्ये (हायबरनेट पाळतं त्या जावा मानकात) हे नातं मुळात ईगर असतं, म्हणजे ऑर्डरबरोबरच लगेच लोड होतं. त्यामुळे जेपीक्यूएलने (जेपीएच्या क्वेरी भाषेने) ऑर्डरींची यादी काढली की त्यात आलेल्या प्रत्येक देशासाठी, प्रत्येक चलनासाठी वेगळी सिलेक्ट क्वेरी सुटते. लेझी, म्हणजे गरज पडेल तेव्हाच लोड होणारं, केलं तर नाव दाखवताना त्याच क्वेरी उशिरा सुटतात, आणि सेशन (हायबरनेटचं डेटाबेसशी चालू असलेलं काम) बंद झालं असेल तर थेट लेझी-इनिशियलायझेशन एक्सेप्शन. प्रत्येक क्वेरीत जॉइन फेच (नात्यातला डेटा त्याच क्वेरीत आणणं) लिहिणं मला पटत नाही. जे वर्षानुवर्षं तसंच राहणार आहे, ते दर वेळी डेटाबेसला का विचारायचं?

सेव्ह करण्याचा भाग सुटला आहे. गेट-रेफरन्सने नुसत्या आयडीवरून प्रॉक्सी (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभं राहणारं ऑब्जेक्ट) मिळतो, सिलेक्ट लागत नाही, फॉरेन की बरोबर भरली जाते. स्थितीसाठी एनम (ठरावीक किमतींचा प्रकार) आणि तिची डेटाबेसमधल्या किमतीशी अदलाबदल करणारा अ‍ॅट्रिब्यूट कन्व्हर्टर घेतोय, कारण कोडमधल्या अटी तिच्यावरच ठरतात. ऑर्डिनल, म्हणजे एनममधला क्रमांक साठवणं, मात्र अजिबात नको: मध्येच एक किंमत घातली की जुन्या ओळींचा अर्थच बदलतो.

अडलंय ते देश आणि चलनापाशी. सर्व्हर सुरू होताना सगळ्या ओळी स्टॅटिक मॅपमध्ये भरून ठेवल्या तर त्या डिटॅच्ड, म्हणजे कुठल्याच सेशनशी न जोडलेल्या, राहतात. नात्यावर कॅस्केड पर्सिस्ट (ऑर्डरबरोबर देशही सेव्ह करण्याची सेटिंग) नसेल तर सेव्ह होतं, पण मॅपमधला 'भारत' आणि सेशनमधला 'भारत' ही दोन वेगळी ऑब्जेक्ट्स, म्हणून इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट्स समान आहेत का ते ठरवणारी मेथड) देशाच्या कोडवर लिहावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे एंटिटीवर इम्यूटेबल (न बदलणारी) अ‍ॅनोटेशन आणि रीड-ओन्ली सेकंड लेव्हल कॅश, म्हणजे सगळ्या सेशन्सना सामाईक असलेली कॅश. माझा कल इकडे आहे, कारण आयडीवरून होणारं लोडिंग मग कॅशमधूनच भागतं.

हा दुसरा मार्ग प्रॉडक्शनमध्ये वापरलेल्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. स्क्रिप्टने थेट टेबल बदललं की हायबरनेटला पत्ता लागत नाही. अशा वेळी सगळ्या नोड्सवरची (अ‍ॅप्लिकेशन चालणाऱ्या सर्व्हरांवरची) कॅश तुम्ही कशी रिकामी करता, की सरळ रीस्टार्ट? आणि इम्यूटेबल एंटिटीत कुणी सेटरने बदल केला तर हायबरनेट एरर न देता तो सोडून देतं. सेटरच काढून टाकणं पुरतं का?