ऑपरेशनआधीच्या शेकांमुळे (रेडिएशनमुळे) संडासवरचा ताबा जातो का?

प्रश्न – अण्णांची लेक, सोलापूर
आमच्या अण्णांना (वय ६१) गुदाशयाचा कॅन्सर होता. ऑपरेशनआधी पाच आठवडे शेक झाले, सोमवार ते शुक्रवार, एकूण २५. सोबत किमोच्या गोळ्या. ऑपरेशननंतर मळासाठी पोटावर लावलेली पिशवी बंद करून दोन महिने झाले. आता दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं. हात धुऊन बाहेर आले की परत आत. नळ चार दिवसांनी येतो, म्हणून एक बॅरल फक्त त्यांच्यासाठी भरून ठेवलंय. परवा सोमवारी सिद्धेश्वराला गेले आणि दर्शन न घेताच रिक्षाने परत आले, शर्ट बाहेर काढून, हातातली पिशवी मागे धरून. तेव्हापासून घराबाहेर पडले नाहीत. "शेक घेतले नसते तर बरं झालं असतं," एवढंच म्हणतात. खरंच शेकांमुळे आहे का हे? असंच राहणार का?

टॉवेलवाले काका
ताई, मी यातून गेलोय. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात होतो. मलाही २५ शेक होते.

शेकांचा वाटा आहे, खोटं कशाला सांगू. गुदाशय म्हणजे मळ साठवायची जागा, तीच ऑपरेशनमध्ये काढलेली. त्यात शेकाने आजूबाजूचा भाग कडक होतो, स्नायू आणि नसा कमजोर होतात. मग थांबवता येत नाही आणि हवा आहे की मळ हेही कळत नाही. शेक घेतलेल्यांना हा त्रास जास्त होतो. मला आधी कोणी हे बोललं नाही, त्याचा राग अजून आहे. पण त्याच शेकांनी गाठ आक्रसते, त्या जागी ती परत यायची शक्यता कमी होते. अण्णांना हे जरूर सांगा.

मी काय केलं? कालनिर्णयवर रोज रेघा मारायचो, जेवढ्या वेळा तेवढ्या. त्यावरून कळलं की शेंगाचटणी आणि दुधाचा चहा मला सोसत नाही. अण्णांचं वेगळं असेल. इसबगोल थोड्या पाण्यात घ्यायचो, त्याने मळ बांधून येतो. लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) डॉक्टरांना विचारून, जेवणाआधी अर्धा तास. पुण्याला तपासणीला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये दाराजवळची सीट, पिशवीत पायजमा आणि जुना टॉवेल. जागा सोलवटते, कागदाने पुसू नका, पाण्याने धुऊन झिंकचं मलम लावा.

फिजिओथेरपिस्ट, पुणे
या त्रासाला 'लार्स' म्हणतात. २०१२ साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी त्यासाठी पाच प्रश्नांची गुणपत्रिका छापली. ४२ पैकी ३० किंवा जास्त म्हणजे त्रास मोठा. सर्जनना ती भरून घ्यायला सांगा, कारण "थोडा त्रास आहे" म्हटलं की विषय तिथेच संपतो. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर गुदमार्गे पाणी सोडून आतडं धुण्याची पद्धत आहे, पण ती शिकूनच करायची. पहिल्या वर्षभरात बऱ्याच जणांना फरक पडतो, काहींना थोडा त्रास राहतो. रक्त, ताप किंवा वजन घटणं दिसलं तर थांबू नका.

अण्णांची लेक
काका, तुमचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा पहिल्यांदाच उठून बसले. विचारतायत, तुमच्या रेघा कमी कधी झाल्या?

टॉवेलवाले काका
सातव्या महिन्यात. बारावरून पाचवर. आता तीन-चार. त्यांना माझा नंबर हवा असेल तर मेसेज करा, सोमवारी देवळात सोबत येतो. तिथलं संडास कुठं आहे ते मला माहीत आहे.