इम्पल्स घेऊन स्पितीला निघालोय, कार्बोरेटरचं नक्की काय करू?

सुदामानगर_इम्पल्स

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2012 ची हिरो इम्पल्स मोटारसायकल आहे, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण सेन्सरशिवाय करणारी). सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझा मावसभाऊ हिमाचलातल्या स्पितीला निघतोय. गाड्या रेल्वे पार्सलने चंदीगडपर्यंत, तिथून मनाली, बातल, कुंझुम खिंड, काझा आणि किन्नौर-शिमल्यावरून परत.

कच्च्या रस्त्याची भीती नाही. दर रविवारी इंदूरजवळच्या चोरल आणि पातालपाणीच्या मागच्या वाटा करतो, पावसाळ्यातल्या चिखलातसुद्धा. अडचण उंचीची आहे. मागे मित्राची गाडी रोहतांगला चालवली होती. वरच्या वळणांवर ती दुसऱ्या गिअरलाही ओढेना, मागे काळा धूर, आणि उभी केली की बंद पडायची. माझ्या गाडीचं तसं व्हायला नको.

इथे दोन मिस्त्रींना विचारलं. एक म्हणाला, "एअर फिल्टर निकाल दो, हवा खुल के जाएगी." दुसरा म्हणाला मोठा जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा भोकाचा पितळी स्क्रू) टाकू, ताकद वाढेल. दोघेही ठामपणे बोलले, त्यामुळे जास्तच गोंधळ झालाय. ज्यांनी स्वतः वर जाऊन केलंय त्यांनी सांगा. बाबांना शब्द दिलाय की गाडीची पूर्ण तयारी झाल्याशिवाय निघणार नाही.

रामबाग_आरएक्स

अरे, फिल्टरला हात लावू नकोस. तिथली धूळ मैद्यासारखी बारीक असते. पुढे ट्रक गेला की दोन मिनिटं काही दिसत नाही. ती धूळ सिलिंडरमध्ये गेली की रिंगा घासतात आणि घरी येईपर्यंत गाडी ऑइल प्यायला लागते. उलट निघण्याआधी नवा फिल्टर टाक आणि एक जादा बरोबर ठेव.

मोठा जेट तर अगदी उलटा उपाय झाला. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, कुंझुम साडेचार हजारांच्या वर. तिथली हवा आपल्या इथल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश विरळ असते. कार्बोरेटरला हे कळत नाही. हवा जितकी कमी होते तितकं पेट्रोल कमी होत नाही, त्यामुळे मिश्रणात साधारण वीस टक्के पेट्रोल जास्त होतं. तू पाहिलास तो काळा धूर म्हणजे हेच न जळलेलं पेट्रोल. वर लहान जेट लागतो.

आता नीट वाच, कारण इथेच लोक चुकतात. आधी फ्लोट बाऊल, म्हणजे कार्बोरेटरची खालची पेट्रोलची वाटी, उघड आणि मेन जेटवर कोणता आकडा ठोकलाय तो वहीत लिही. तो आकडा भोकाच्या व्यासाचा असेल आणि समज 110 असेल, तर कुंझुमच्या हिशेबाने 100 बसतो. पण मी 100 टाकून इथून निघणार नाही. परतीला शिमल्याहून खाली चंदीगडच्या उन्हात उतरलास की तोच जेट कमी पेट्रोल देईल, इंजिन तापेल आणि चढाला टकटक आवाज करेल. म्हणून 105 टाकून निघ, 110 आणि 100 डबीत ठेव. मेन जेटचा संबंध भरपूर थ्रॉटलशी. खडकाळ वाटेवर तू बहुतेक वेळ पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर असशील आणि तिथे कार्बोरेटरच्या सुईचं चालतं, थ्रॉटलबरोबर वरखाली होऊन ती पेट्रोल कमीजास्त करते. सुईला धरून ठेवणारी क्लिप एक खाच वर सरकवली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. मात्र व्हॅक्यूमच्या काही कार्बोरेटरांत सुईला एकच खाच असते. तुझी तशी असेल तर सुई सोड, जेटवरच भागव.

स्पार्क प्लग काढून बघायची सवय लाव. दुधाच्या चहाचा रंग असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालतं तो वेग, थोडा वाढवून ठेव. सकाळी थंडीत चोक लागेल, पण इथल्या सवयीने ओढून ठेवू नकोस. वर मिश्रण आधीच जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं असतं, प्लग ओला होतो.

एक माझं सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी बातलला, चंद्रा नदीच्या काठी, माझी आरएक्स अशीच गुदमरत होती. ढाब्यासमोर उकिडवा बसून कार्बोरेटरची स्लाइड, म्हणजे सुई जिच्यात बसते तो भाग, बाहेर काढली. सुईवरची ती क्लिप केवढी असते माहीत आहे? तांदळाच्या दाण्याएवढी. बोटं गारठलेली, पकड नव्हतीच. नखाने दाबली आणि टिक करून उडाली. खाली सगळी करडी वाळू आणि करडे खडे, क्लिपचा रंगही तोच. तास दीड तास आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून वाळू चाळत होतो. सापडली नाही. शेवटी हॉर्नच्या वायरमधून तांब्याचा एक तंतू काढला, खाचेत पाच-सहा वेढे घट्ट पिळून बसवले आणि तशाच अवस्थेत काझा गाठलं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तार सुटून इंजिनात गेली असती तर काय, एवढंच डोक्यात होतं.

म्हणून सांगतो, हे काम घरी कर. परातीत कर, कडा उंच असतात, क्लिप उडाली तरी आत राहते. एकदा नाही, दहा-बारा वेळा. शेवटचे दोन-तीन वेळा बर्फाच्या पाण्यात हात बुडवून कर. आणि दोन जादा क्लिपा जेटच्या डबीत असू देत.

महूची_ताई

काकांनी जेटचं सगळं सांगितलंय. माझी गाडी इंजेक्शनची आहे, तिला सुई-जेटची भानगड नाही. सेन्सर हवेचा दाब बघून पेट्रोल कमी करतो. पण ताकद तिचीही गळतेच, कारण हवाच कमी आहे. इम्पल्सची तेरा हॉर्सपॉवर वर आठ-नऊच धर. म्हणून मी पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एक दात लहान टाकते. चौदाचं तेरा केलं तर ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढते, हाफ क्लच कमी मारावा लागतो, प्लेटा वाचतात. स्प्रॉकेट बदललंस की चेन सैल पडते, ती पुन्हा ताणून घे. हायवेला टॉप स्पीड कमी होईल, पण तिथे घाई कुणाला आहे?

मला तुझा रस्ता बदलावासा वाटतो. मनाली दोन हजार मीटरवर आणि तू एका दिवसात कुंझुम ओलांडणार. इंजिनाला जेट लावशील, डोक्याला काय लावशील? उलटा फिर. शिमला, कल्पा, नाको, ताबो, काझा असा हळूहळू चढ, आणि कुंझुम शेवटी करून मनालीत उतर. आम्ही पहिल्यांदा मनालीकडून गेलो होतो. काझात माझ्या मैत्रिणीला रात्रभर उलट्या, डोकं फुटायची वेळ आली होती. सकाळी पहिलं काम म्हणजे तिला जीपने खाली उतरवलं. डोकेदुखी थांबत नसेल तर आणखी वर चढायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवा. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कुंझुम ते मनाली बाजूचे नाले सकाळी लवकर पार करा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. आणि काझाला टाकी पूर्ण भरा. तिथून मनालीपर्यंत जवळपास 200 किलोमीटरमध्ये पंप नाही, आणि जाड मिश्रणावर तुझा ॲव्हरेजही पडलेला असेल.

सुदामानगर_इम्पल्स

ताई, काका, मनापासून आभार. रस्ता उलटा केला, मावसभाऊही तयार आहे. टायरचं एक विचारायचंय. वर गेल्यावर हवा आपोआप वाढते म्हणतात. मग इथूनच कमी भरून निघू का?

रामबाग_आरएक्स

नको. बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेज (हवेचा दाब मोजायचं यंत्र) पाच पीएसआय जास्त दाखवेल हे खरं, पण इथल्या 35 अंशांवरून तिथल्या सकाळच्या 5 अंशांवर आलास की टायरमधली हवा आकसते आणि वाढलेलं बरंचसं परत जातं. त्यामुळे इथे अंदाज बांधण्यात अर्थ नाही. छोटा गेज आणि हातपंप ठेव, रोज सकाळी थंड टायरवर बघ. खडकाळ वाटेवर सामानासकट मागे 22, पुढे 20 ठेव. तुझ्या टायरांत ट्यूब आहे, 18 च्या खाली उतरलास की दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर स्वतः काढता येतं ना?

सुदामानगर_इम्पल्स

पुढचं येतं, मागचं कधी केलं नव्हतं. काल केलं, पाऊण तास लागला, एकदा लिव्हरने ट्यूबच फाडली. आज पुन्हा केलं, पंचवीस मिनिटं.

कार्बोरेटर गॅलरीत उघडला, आईची परात घेऊन. काका, माझ्या सुईला एकच खाच निघाली, म्हणजे तुम्ही म्हणालात तसं जेटवरच. आकडा वहीत लिहिला, त्याखालचे दोन सियागंज बाजारात शोधतो. जेटच्या खाचेला माझा स्क्रूड्रायव्हर रुंद पडत होता, पितळेवर ओरखडा आलाय. बरोबर मापाचा घेतल्याशिवाय पुन्हा हात लावणार नाही.

रविवारी जानापावला जातोय, चंबळच्या उगमापर्यंत. उंची जेमतेम तीनशे मीटरने वाढेल, जेटचा फरक कळणार नाही हे माहीत आहे. पण लहान स्प्रॉकेट आणि पूर्ण सामान लादून तो चढ करून बघायचाय.

रामबाग_आरएक्स

मीही येतो. सकाळी सहाला राऊला भेट. प्लगचा पाना आण, वर पोचल्यावर तुझा प्लग काढून बघू.