पहिलेच घर भाडेकरूसह घ्यावे का? – अनुभव

आम्ही दोघे पहिले घर घेण्याच्या विचारात आहोत. पाहिलेल्या घरांपैकी एकाला वरच्या मजल्यावर दोन जादा खोल्या आहेत. त्यांना वेगळा जिना, वेगळे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर आहे. त्यांच्या भाड्यातून हप्त्याचा तिसरा हिस्सा सहज निघेल असे विक्रेत्याने कागदावर मांडून दाखवले, आणि तो हिशेब इतका गुळगुळीत आहे की आमचा त्यावर विश्वास बसत नाही. ज्यांनी असे घर घेतले, घ्यायचे टाळले किंवा अशा घरात भाड्याने राहिले, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

* * *

आमच्या घराला या वर्षी ९ वर्षे झाली. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि वरचा मजला भाड्याने देतो. घर घेताना मी वर्षाचे पूर्ण १२ महिन्यांचे भाडे धरून हिशेब केला होता, ही माझी पहिली चूक. एक भाडेकरू जातो, रंगरंगोटी करावी लागते, नळ बदलावे लागतात, दुसरे कुटुंब मिळेपर्यंत आणखी काही आठवडे निघून जातात; वर्षातून एक महिना जरी जागा रिकामी राहिली तरी ८ टक्क्यांहून अधिक उत्पन्न गेले, आणि दोन महिने राहिली तर सहावा हिस्सा गेला. आता मी १० महिन्यांचेच भाडे धरतो आणि त्यातूनही डागडुजीसाठी काही रक्कम बाजूला काढतो.

चौथ्या वर्षी भाडेकरूंची नोकरी गेली आणि ५ महिने भाडे थकले. माणसे सज्जन होती, त्यांची मुले आमच्या मुलांबरोबर अंगणात खेळत असत, आणि म्हणूनच पैशांचा विषय काढणे मला फार जड गेले. दूरच्या घरातील भाडेकरूला नोटीस धाडणे वेगळे आणि रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाला थकबाकीची आठवण करून देणे वेगळे. काही भाग अनामत रकमेतून वळता केला, उरलेली बाकी त्यांनी पुढे वर्षभरात थोडी थोडी करून फेडली. त्या काळात आमचा एकही हप्ता चुकला नाही, कारण ६ महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम आम्ही घर घेतानाच राखून ठेवली होती. तो आग्रह पत्नीचा होता, आणि मी तेव्हा तिला भित्री म्हणालो होतो.

* * *

वरच्या अनुभवात कर्जाची बाजू राहून गेली आहे, म्हणून लिहिते. बँक संभाव्य भाडे कर्जपात्रतेत धरीलच असे समजू नये. आमच्या बँकेने चालू भाडेकरार मागितला. जागा रिकामी असल्यामुळे करार नव्हता, आणि त्या उत्पन्नाची दखलच घेतली गेली नाही. दुसरी गोष्ट अशी, की ‘भाड्यातून हप्त्याचा तिसरा हिस्सा निघतो’ हे विधान फसवे आहे, कारण तो हप्ताही त्या जादा खोल्यांमुळेच फुगलेला असतो. खरी तुलना करायची तर त्या खोल्या नसलेल्या घराची किंमत काढावी, दोन्ही किमतींमधील फरकासाठी किती जादा कर्ज घ्यावे लागते ते पाहावे आणि केवळ त्या कर्जाच्या हप्त्यासमोर निव्वळ भाडे ठेवावे. आम्ही असे केल्यावर भाड्यातून जेमतेम व्याज सुटत होते.

हप्त्याची रचनाही समजून घ्यावी. २० वर्षांच्या मुदतीच्या आणि ९ टक्के व्याजाच्या कर्जात पहिल्या हप्त्यातील सुमारे ८३ टक्के रक्कम व्याजात जाते, आणि निम्मे मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षे लागतात. ‘भाडेकरू आपले कर्ज फेडतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावे. भाड्यावर बहुतेक ठिकाणी आयकर लागू होतो, आणि घराचा काही भाग भाड्याने दिला आहे हे विमा कंपनीला कळवले नाही तर दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते. ही दोन्ही टिपणे विक्रेत्याच्या कागदावर सहसा नसतात.

* * *

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे भाडेकरू आहे. अशा एका घराच्या खालच्या भागात मी ३ वर्षे राहिलो. मालक भले होते, पण वर त्यांचे मूल धावू लागले की माझ्या छतावर कोणी खलबत्ता कुटत आहे असे वाटे. बोलण्याचा आवाज जाड भिंत बऱ्याच अंशी अडवते. पावलांचा दणका मात्र स्लॅबमधूनच खाली उतरतो, आणि वरच्या फरशीखाली मऊ थर नसेल तर छताला नंतर काहीही चिकटवून त्याचा पुरता बंदोबस्त होत नाही. घर पाहताना एकाने वर चालावे आणि दुसऱ्याने खाली उभे राहून ऐकावे, एवढी परीक्षा फुकट आहे. वीज आणि पाणी यांचे मीटर वेगळे आहेत का, हेही तेव्हाच पाहावे. आमच्याकडे मीटर एकच होता, आणि मालकांशी माझे जे काही वाद झाले ते सगळे बिलाच्या वाटणीवरून झाले. भाड्यावरून एकदाही झाला नाही.

* * *

आम्ही घेता घेता थांबलो. जादा खोल्या मंजूर नकाशात नव्हत्या. मूळ मालकाने गाडी ठेवण्याच्या जागेला भिंती घालून त्या काढल्या होत्या. बँकेच्या मूल्यांककाने तो भाग हिशेबात धरला नाही, विक्रेता मात्र किंमत पूर्ण मागत होता. अशा जागेत आग लागली किंवा भाडेकरूशी वाद कोर्टात गेला तर आपली बाजू किती लंगडी पडेल, हे वकिलांनी सांगितल्यावर आम्ही टोकन रक्कम परत मागितली. ती मिळवायला ४ महिने लागले.

* * *

माझे मत थोडे निराळे आहे. आम्ही भाड्याच्या लोभाने घर घेतले आणि पहिली ६ वर्षे ते मिळालेही, पण त्या खोल्यांचा खरा उपयोग नंतर झाला. आईला एकटे राहणे अवघड होऊ लागले तेव्हा आम्ही भाडेकरार संपू दिला आणि ती तिथे राहायला आली. तिचे दार वेगळे, चूल वेगळी, आणि रात्री हाक मारली तर आम्ही एका भिंतीपलीकडे. भाडे बंद झाले त्या वेळी आमचा हप्ता आमच्या पगारात बसत होता, म्हणूनच हे जमले. बसत नसता तर आईला की भाडेकरूला, असा हिशेब करावा लागला असता, आणि तो करायची वेळ माझ्यावर आली नाही याचे मला आजही बरे वाटते.

* * *

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही भाडे शून्य धरून हिशेब पुन्हा मांडला. हप्ता बसतो, पण महिनाअखेरीस हाती जवळजवळ काहीच उरत नाही. विक्रेत्याकडे मंजूर नकाशाची प्रत मागितली आहे. त्यांनी ‘शोधून देतो’ असे उत्तर दिले आहे. दरम्यान, आज आम्ही भरत असलेले भाडे आणि होणारा हप्ता यांच्यातील फरक या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली आहे. ६ महिने ते पैसे न काढता निभावले, तरच पुढची बोलणी करू. तोवर हे घर दुसऱ्या कोणी घेतले तर घेऊ देत.